दोन बोटं जादा पत्रा

ही वही कुणाच्या हाती पडली तर आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली. माफ करा. तोंडाने बोलायला जमत नाही म्हणून लिहिते.

साकीनाक्याच्या एका गॅरेजात माझा नवरा डेंटर होता, ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा. तो गेल्यावर शेठने मला नट-बोल्ट निवडायला ठेवलं. पुढे भंगारातल्या गाड्यांचे पत्रे कापायचं कामही आलं. छिन्नी आणि हातोडी नवऱ्याचीच. हातोडीच्या दांड्यावर त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात कधी नीट बसला नाही.

बाकी सगळे पुरुष. त्यांची आपसात मस्करी, शिव्या चालायच्या. मी दिसले की गप्प व्हायचे. मी डबा चाकं काढलेल्या एका टॅक्सीत बसून खायची. आज आपण एक शब्दही बोललो नाही, हे कधीकधी घरी कुलूप उघडताना लक्षात यायचं. आत तरी बोलायला कोण होतं?

एकदा मिस्त्रींनी एका भंगार गाडीच्या मागच्या मडगार्डवर खडूने रेघ मारली. "एवढो काढून ठेव गो." ते मालवणकडचे म्हातारे. तो पत्रा गिऱ्हाइकाच्या गाडीला जोडायचा होता. लग्नाआधी मी ब्लाउज शिवायची. आम्ही माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, धरूनच रेघ मारायचो आणि रेघेवर कापायचो. मी तसंच केलं. विचारावं असं वाटलं होतं, पण चारजण उभे होते.

पत्रा लावून बघितला तर दोन बोटं कमी. छिन्नीच्या घावांनी कडही लाटांसारखी झालेली.

शेठ ओरडला, "वाट लावली! दोनशे रुपये भर, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

माझ्याकडे वीससुद्धा नव्हते. मी हातोडी पिशवीत भरायला घेतली. मिस्त्रींनी शेठच्या टेबलावर पैसे ठेवले आणि माझ्याकडे वळले. "इचारलंस कित्याक नाय? तोंडाक कुलूप लावलंस काय? रेघ जोडाची असता, कापाची नाय. दोन बोटां भायेरसून काप."

ठरलं, मिस्त्रींना दर शनिवारी दहा रुपये द्यायचे.

पहिल्या शनिवारी नोट खिशात घालून त्यांनी मला खाली बसवलं आणि करवतीचं पान हातात दिलं. "पातळ पत्र्याक बारीक दात. मोठे दात अडकतत नि तुटतत." पुढच्या शनिवारी गोलाईवर कात्री कशी वळवायची ते. मग छिन्नी: धार गेलेली छिन्नी पत्रा कापत नाही, फाडते. गॅसच्या ज्योतीने कापलं तर काम झटपट होतं, पण कड तापून वाकडी होते, म्हणून जो पत्रा परत भंगारातच जायचा त्यालाच गॅस. जिथे दोन पत्रे वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडलेले असतात तिथे कापायचंच नाही, टाक्यावर ड्रिलने भोक पाडून सोडवायचं.

"शिवण उसवतंस तसा," ते म्हणाले. मी हसले. गॅरेजात हसलेली ती पहिलीच वेळ.

आठवडाभर मी शनिवारचे प्रश्न जमवत राहायची. इतर दिवशी त्यांच्याजवळ जायला पाय उचलायचा नाही. हातात नोट असली की जायला कारण असायचं.

दरम्यान मी तीन मडगार्डं अखंड काढली. शेठ काही बोलला नाही, म्हणजे ठीक होती.

विसाव्या शनिवारी मनात आलं, आज पाचच द्यावेत. म्हणजे अजून एक शनिवार उरेल. पाचाची नोट मुठीत धरून मी बराच वेळ टॅक्सीत बसले. मग माझी मलाच लाज वाटली. मिस्त्री हात धूत होते. मी दहाची नोट पुढे केली.

"फिटले गो बाय सगळे," ते म्हणाले आणि नोट टोपीत खोचून चहाला गेले.

दोनशे रुपये पुरे झाले.