जावयाचा मोबाइल
नव्या रेक्झिनचा वास आला की मला लातूरचं ते रिक्षाचं शोरूम आठवतं. भाड्याची रिक्षा चालवून मुलगा वैतागला होता, म्हणून हार-नारळ घेऊनच आम्ही गेलो. कर्ज देणारा साहेब म्हणाला, "मावशी, याचे मोबाइलचे हप्ते थकलेत. कर्ज न्हाई बसत." मोबाइल होता जावयाचा, मुलाच्या नावावर घेतलेला. हप्ते जावई भरणार होता. "मग मागितले न्हाईस का?" मी भडकले. मुलगा खाली बघत म्हणाला, "दाजीला पैशे कसं मागावं, माय?" "मग हा हार घाल त्याच्याच मोबाइलला!" वर्षभरानं, जास्तीच्या व्याजानं रिक्षा आली. आता जावई स्टँडवरून तिच्यातच बसून घरी येतो, आणि भाडं मागायला माझीही जीभ रेटत नाही.