तुवालूला परत जाणारी

२००५ साली मी नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला मृदाशास्त्र शिकत होते. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत तुवालूची एक मुलगी राहायची. तिचा देश म्हणजे पॅसिफिक महासागरातली नऊ चिमुकली बेटं. स्वयंपाक करता करता ती तिकडचं सांगायची. विमान क्वचितच यायचं. ते येताना भोंगा वाजला की धावपट्टीवर व्हॉलीबॉल खेळणारी माणसं बाजूला व्हायची. प्यायला पावसाचंच पाणी. तिची आई मोठाल्या खड्ड्यांत अळूसारखा कंद लावायची. आता तिथे समुद्राचं खारं पाणी झिरपून कंद कुजू लागले होते. त्यावर उपाय शोधायलाच ती इथे आली होती.

एकदा वर्गात तिने हे सगळं मांडलं. रॉटरडॅमच्या एका मुलाने हळहळून विचारलं, "मग तुम्ही सगळे तिथून कधी निघणार?"

तिने उलट विचारलं, "तुझं घर समुद्रसपाटीच्या खाली आहे ना?"

"हो, पण आमच्याकडे बांध आहेत."

"ते घालायच्या आधी तुझ्या पूर्वजांना कोणी विचारलं होतं का, कधी निघणार म्हणून?"

मी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच.

पदवीनंतर तिला इथेच संशोधनाची जागा मिळत होती. तिने ती नाकारली.

निरोप देताना मी विचारलं, "आणि नाहीच जमलं तर?"

"आई अजून लागवड करतेय," ती म्हणाली. "मी आधीच हार कशी मानू?"