धामापूरचा नारळ आणि थोरलं घर

साठच्या दशकाची सुरुवात. मी कोल्हापुरात कॉलेजला होते. धामापूरहून आलेल्या एका सुपारीवाल्याने आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, निरोप दिला, "घराचो नारळ ठेवूक येवा." झालं! आप्पांची छाती फुगली. घराच्या राखणदाराला, म्हणजे घर राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवायचा मान मूळ घराण्याचा. म्हणजे आजोबांनी सोडलेलं ते घर आमचंच, आम्हीच मूळ! गल्लीभर सांगून झालं आणि आम्ही बापलेक एसटीत बसलो.

तुम्ही जाणार असाल तर फोंडा घाटात पुढची जागा पकडा आणि लिंबू जवळ ठेवा. आता रस्ता चकाचक आहे, पण वळणं तीच. तेव्हा हा रत्नागिरी जिल्हा होता आणि खडी अशी, की मालवणला उतरल्यावरही माझं अंग हलतच होतं. स्टँडाजवळच्या खानावळीत बांगड्याची आमटी आणि सोलकढी हाणली. स्वस्त आणि झकास. दुसऱ्या दिवशी बैलगाडीने धामापूर. तळ्याचं पाणी बघून मी हरखले, पण आप्पांना तळं-बिळं काही दिसत नव्हतं.

देवळापाशी एका म्हाताऱ्याला आमचं आडनाव सांगून विचारलं, "मूळ घर कुठे हो?"

"थंयसर. क्रूस दिसता ना, ताच."

क्रूस? आप्पा म्हणाले, "चुकतोय हा."

पण पुढच्या माणसानेही तेच घर दाखवलं. चिऱ्याचं, नुकतीच चुन्याची सफेदी केलेलं, अंगणात क्रूस आणि क्रुसासमोर पणती. दारात पेद्रू नावाचे साठीचे गृहस्थ हात पसरून उभे.

"इलात? येवा, येवा! चार दिसांर चेडवाचां लगीन. धाकट्या घरातलो कोण इलो नाय तर नारळ ठेवतलो कोण? नारळाशिवाय माटव घालूचो कसो?"

म्हणजे लेकीच्या लग्नाचा मांडव आमच्या नारळावाचून अडला होता. पण धाकटं घर? आम्ही? माझं डोकं गरगरायला लागलं. पेद्रूंनी सांगितलं ते असं: दोन भाऊ होते. थोरल्याने घर बांधलं, पुढे तो ख्रिस्ती झाला. धाकटा देवळाकडेच राहिला. घर मोडायचं नाही म्हणून दोघांनी ठरवलं, क्रूस थोरल्याने बघायचा, राखणदाराचा नारळ धाकट्याने ठेवायचा. पेद्रू थोरल्याचे वंशज, आम्ही धाकट्याचे. मग मूळ कोण? दोघेही? की कोणीच नाही? मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा जास्तच गोंधळले.

चहा आला, आप्पांनी घेतला नाही. ख्रिस्त्याच्या घरचं चालत नव्हतं ना! पेद्रूंनी शहाळं फोडून दिलं. ते घेतलं.

संध्याकाळी माडाखाली गावकर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान असलेले, उभे राहिले. आप्पांच्या हातात नारळ. "बा देवा म्हाराजा! ह्या थोरल्या घरान आणि धाकट्या घरान मिळान..."

"थांबा," आप्पा म्हणाले. नारळ हातातच. मला वाटलं, आता हे उठून चालायला लागणार आणि त्या पोरीचा मांडव आमच्यामुळे अडणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला!

पेद्रू पुढे आले. "नाव तुजांच आधी घेंव दी रे. पण नारळ ठेव. चेडू रडता घरात."

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग गावकरांना म्हणाले, "पुन्हा म्हणा. थोरल्याचंच आधी."

"...काय चूकभूल झाली आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज पेद्रूंचा. आप्पांनी नारळ ठेवला.

कोल्हापुरात परतल्यावर गल्लीने विचारलं, "काय, घर बघितलं का तुमचं?" तर आप्पा म्हणाले, "बघितलं," आणि आत गेले. चिडलेत की खजील झालेत, आईलाही उमगेना.

नाताळ संपता संपता तोच सुपारीवाला पत्र्याचा डबा घेऊन आला. "थोरल्या घरासून." आत नेवऱ्या, आपल्या करंज्याच. आईने डबा हळूच कोनाड्यात सरकवला.

मी आप्पांना विचारलं, "पेद्रूंना आपण म्हणायचं तरी काय?"

आप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "थोरला आहे तो. मोठे काका म्हण. आणि ती नेवरी इकडे दे."