मशीनचा हिरवा हार

आमच्या गच्चीतल्या झेंडूची एकूण एक कळी मी शास्त्रशुद्ध पद्धतीने कापली आहे.

आम्ही मूळचे बीडकडचे, राहतो रहाटणीत. वरच्या गच्चीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पप्पांनी झेंडू लावला होता. पप्पा चाकणला कंपनीत आहेत. यंदा नवं मशीन त्यांच्या हाती आलं, म्हणजे खंडेनवमीला त्या मशीनची पूजा त्यांनीच करायची! त्यांनी शिफ्टमध्ये सगळ्यांना सांगूनही टाकलं, "हार विकतचा नाही राव, माझ्या गच्चीतला!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात बॉटनीच्या मॅडमनी शिकवलं, की सुकलेली फुलं कापली की झाड बी धरायचं सोडून नव्यानं फुलतं. मी घरी येऊन (जरा चाचरतच) सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पप्पांनी कात्री दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली, जणू नारळच फोडायचाय.

"बाळा, तू शिकलेली. तूच बघ."

संध्याकाळी मी गच्चीत गेले. ऊन मऊ झालं होतं, झेंडूचा कडवट वास बोटांना लागत होता, खाली कंपनीच्या बसचा हॉर्न दुरून यावा तसा येत होता. माझे डोळे उघडेच होते, पण मी तिथे नव्हतेच. मला दिसत होती केशरी झालेली गच्ची, नवरदेवासारखं सजलेलं मशीन, आणि पप्पांना विचारणारे साहेब, "कुणी फुलवली एवढी?" उत्तर ऐकायला मी स्वप्नातच थांबले. हात मात्र थांबला नाही. कच, कच, कच!

आता सुकलेला झेंडूही मिटलेला असतो आणि कळीही मिटलेलीच. मिटलं म्हणजे संपलं, असं मी धरून चालले. (मॅडमनी दोन्हीतला फरक सांगितला असावा. तेव्हा मी बहुतेक खिडकीबाहेर बघत होते.)

वाळलेले कपडे काढायला आई वर आली आणि टोपलीत डोकावली.

"अगं, हे काय करायलीस?"

"सुकलेली काढतेय."

"हिरवीगार सुकली व्हय?"

मागोमाग घरमालकीण काकू आल्या. त्यांनी टोपली बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टोपली बघितली. "लई हुशार हाय तुमची पोरगी! आमी न्हाई शिकलो ते बरंच झालं."

झाडावर जी चार-दोन उमललेली फुलं उरली, त्यांना मी जीव लावला. पाणी घातलं, सावली धरली, हळूच विनवणीही केली. नवमीच्या सकाळी तीही माना टाकून बसली. आता ती नियमाप्रमाणे कापायला हवी होती, पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

पप्पा बूट घालत म्हणाले, "हार?"

मग आईनं ओल्या फडक्यात जपलेल्या त्या कळ्या काढल्या आणि मुकाट ओवल्या. हिरवागार, गोल गोल हार. लांबून बघितला तर वाटाण्याचा! पप्पांनी तो डब्याच्या पिशवीत ठेवला आणि निघाले. मी दिवसभर पांघरूण घेऊन पडून होते.

संध्याकाळी पप्पा आले. मी दारामागूनच विचारलं, "हसले का सगळे?"

"हसले की! साहेब म्हणाले, पाटील, हे कोणतं फूल?"

"मग?"

"म्हटलं, अजून फुलायचंय साहेब. पोरगी पहिल्या वर्षाला आहे."

दिवाळीला गच्ची केशरी झाली, अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखी. काकूंनीसुद्धा पूजेला दोन फुलं मागितली. "बघा, म्हणजे शास्त्र तसं बरोबरच…" असं म्हणत मी एका सुकल्या फुलाकडे हात नेला, आणि आईनं माझ्याकडे न बघताच कात्री कमरेला खोचली.