मरणाच्या नाण्यावरचं साल

एल्मेनरोडच्या टांकसाळीत योब्स्ट आलबोर्न चौतीस वर्षं ठसे कोरत होता. पोलादात अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे चांदीवर सुलटी उमटतात. कोरणी अशी बारीक, की नाण्यावरच्या काउंटच्या दाढीचे केस मोजून घ्यावेत. बोलायला मात्र मुखदुर्बळ.

त्या पानगळीत थोरल्या काउंटेस सिबिलाबाईंनी अंथरूण धरलं. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा कारभाऱ्यांनी योब्स्टला बाजूला घेतलं. "मरणाचा थालर, बाईसाहेबांच्या नावाचं चांदीचं नाणं, तयार ठेव. दफनाच्या दिवशी वाटावा लागेल. तारीख तेवढी कोरी सोड."

जित्या माणसाचं मरण कोरणं योब्स्टच्या जिवावर आलं. पण ठशाला तीन आठवडे लागतात आणि मरण काही थांबत नाही. त्याने कोरला. शिशाचा एक नमुना ठोकून गडावर मंजुरीला धाडला.

नमुना पोचला त्या सकाळी बाईसाहेब उठून बसल्या होत्या आणि बिअरचं गरम सार पीत होत्या. कुण्या दासीने तो सरळ त्यांच्याच हातात ठेवला.

योब्स्टला बोलावणं आलं. त्याच्या कोटाची बटणं लावताना बायको इल्साबे म्हणाली, "अहो, विचारलं तर कारभाऱ्यांचं नाव सांगा. उगाच सज्जनपणा नको."

"ठसा माझा आहे ना?"

"मग निदान तिथे रडू तरी नका."

बाईसाहेबांनी नमुना डोळ्यांशी धरला होता. "हे तुझं काम?"

"होय, बाईसाहेब."

"माझा जन्म सत्त्याऐंशीचा लिहिलायस. मी अठ्ठ्याऐंशीची. मारतोस ते मारतोस, वर एका वर्षाने म्हातारीही करतोस?"

योब्स्टने पाहिलं. खरंच सात होता. "चुकलो. दुरुस्त करतो."

"कर. सवडीने कर." बाईसाहेब खोकला येईपर्यंत हसल्या. "आणि हनुवटी एकच कशी? मला दोन आहेत. माझ्या राज्यात खोटं नाणं चालायचं नाही."

गड उतरल्यावर बेकरीच्या पायरीवर बसून योब्स्ट एकटाच इतका हसला, की बेकरीण पाण्याचा तांब्या घेऊन धावली. घरी त्याने दोन ताटल्या कोबी चापला. इल्साबे नुसती बघत राहिली.

सातावर आठ कोरला गेला, हनुवटीही वाढली. पुढे नऊ वर्षं तो ठसा कपाटात पडून होता. दर पानगळीला योब्स्ट गंज चढला का बघायचा, तेल लावायचा आणि परत ठेवायचा. टांकसाळीतल्या दुसऱ्या कुठल्याच कामाला तो इतक्या खुशीने हात घालत नसे.