तीन चुलींचं वर्ष

मी घर सोडलं तेव्हा बावीस वर्षांची होते आणि लग्न झालेलं नव्हतं. आमच्या गावात मुलगी घराबाहेर पडायची ती अक्षता पडल्यावरच. थोरली बहीण शिरूर कासारकडे दिलेली होती. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, आई आणि मी एवढेच राहिलो होतो.

आमचं गाव नांदूरघाटाच्या पलीकडं, आणि मला नोकरी लागली होती तालुक्याच्या ठिकाणी, सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर. गावोगावच्या दूध संस्थांचे कॅन तिथं यायचे. प्रत्येकाचा नमुना काढायचा, काचेच्या नळीत ॲसिड मिसळून यंत्रात फिरवायचा आणि फॅट किती लागली ते वहीत लिहायचं, हे माझं काम. ॲसिडनं बोटांची कातडी पिवळी पडायची. आईला वाटायचं मी हळदीच्या हातानं कामाला जाते.

काम सकाळी सहाला सुरू व्हायचं आणि गावातून पहिली एसटी आठला. अण्णांनी त्यावर उपाय काढला होता. गावचं दूध न्यायला येणाऱ्या गाडीच्या केबिनमध्ये ते मला रोज बसवून द्यायचे आणि ड्रायव्हरकाकांना रोज तेच सांगायचे, "सांभाळून न्या." काकांच्या स्वतःच्या मुली माझ्याहून मोठ्या होत्या. ते रोज "हो" म्हणायचे. संध्याकाळी मी एसटीनं परतले की अण्णा फाट्यावर उभे असायचे.

एकदा जेवताना मी विचारलं होतं, "अण्णा, तिथंच एखादी खोली घेऊ का? लई दगदग होती."

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. "दसरा झाला की आर्धं गाव कारखान्याला ऊस तोडायला जातं. जातं का न्हाई? पण बिऱ्हाड घेऊन जातं. एकटं कुणी जात न्हाई, बाई."

विषय तिथंच संपला. आईनं माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

त्या साली पाऊस नावाला झाला. संक्रांतीपर्यंत विहिरी खरवडून झाल्या. ज्यांच्याकडं तीन जनावरं होती त्यांनी दोन बाजारात नेली, आणि राहिलेलं एक आटलं. आमच्या गावचं दूध एका कॅनवर आलं, मग तो कॅनही भरेना. संघानं गावची गाडी बंद केली.

मी आठच्या एसटीनं जाऊ लागले. केंद्रावर पोचायला नऊ वाजायचे. तोवर दूध येऊन पडलेलं असायचं, तपासणीवाचून टाकीत ओतता यायचं नाही आणि कॅन उन्हात तापायचे. आमचे साहेब स्वभावानं मऊ होते, पण एका सकाळी त्यांनी मला नासलेला कॅन उघडून दाखवला. "हे मी वर काय सांगू? हितं राहायला ये, न्हाईतर दुसरं कुणी बघू दे."

मी हे घरी सांगायच्या आतच अण्णांचं निघायचं ठरलं. संघानं तालुक्याच्या गावाजवळ चारा छावणी उघडली होती. तिथं जनावर नेलं की चारा-पाणी मिळे, पण राखायला मालकानं तिथंच राहायचं. आमचे दोन बैल आणि दोन म्हशी होत्या. अण्णा त्यांना विकायला तयार नव्हते.

अण्णा त्याआधी घर सोडून कधी राहिले नव्हते. थोडी विहिरीवरची जमीन असल्यानं त्यांना कधी कोयता घेऊन जावं लागलं नाही. सासुरवाडीतही ते मुक्काम करत नसत. आईनं त्यांची वळकटी बांधली, घागर दिली, तांब्या दिला. दारातून निघताना ते दोनदा मागं आले, एकदा टोपी विसरली म्हणून आणि एकदा उगीच.

ते गेल्यावर मी आईला साहेबांचं बोलणं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लुगडं बदलून माझ्यासोबत एसटीत बसली.

"कुठं येतीस?"

"खोली बघाय."

"अन् अण्णा?"

"ते गेले न्हाईत का जनावरासाठी? तू नोकरीसाठी जा."

केंद्रामागच्या गल्लीत एक निवृत्त सिस्टरबाई एकट्या राहायच्या. त्यांच्या परसात पत्र्याची एक खोली होती. आईनं भिंतीवर हात फिरवून बघितला, हापशाला पाणी येतं का ते स्वतः उपसून बघितलं, आणि बाईंना विचारलं, "पोरगी आजारी पडली तर तुमी बघताल?" बाई म्हणाल्या, "जन्मभर तेच केलं की." तेवढ्यावर आईनं खोली पक्की केली.

दोन दिवसांनी ती सामान घेऊन आली. स्टोव्ह, तवा, परात, पातेलं, एक गोधडी. सगळं मांडून झाल्यावर तिनं पिशवीतून ताट काढलं. एकच होतं. तिनंच ठरवून एक आणलं होतं, तरी ते भिंतीशी उभं ठेवताना तिला रडू आलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "एसटी जाईल माझी," आणि गेली.

पहिला आठवडा मी मोकळेपण आणि भीती दोन्ही अनुभवलं. कामावरून आले की पाय पसरून बसायचं, वाटलं तर नुसते शेंगदाणे खाऊन झोपायचं, कुणाला काही सांगायचं नाही, याचं मला लई अप्रूप वाटायचं. आणि पहाटे जाग आली की अण्णांचा खोकला ऐकू येत नाही म्हणून घाबरायला व्हायचं. छावणी तिथून पायी अर्ध्या तासावर होती. तरी मी तिकडं गेले नाही. मी अजून घरूनच ये-जा करते असं अण्णा समजत होते, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलणं मला जमलं नसतं.

पंधरवड्यानंतर छावणीतल्या जनावरांचं दूध केंद्रावर यायला लागलं. लोक स्वतःच किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी मी मान खाली घालून नमुने तपासत होते, तेव्हा समोरून आवाज आला,

"मॅडम, आमची किती लागली?"

वर पाहिलं तर अण्णा. दाढी वाढलेली, सदरा मळलेला. रांगेतले सगळे मला मॅडम म्हणत होते म्हणून तेही म्हणाले होते. ते हसत होते. मी नळी उजेडाला धरून पुन्हा एकदा बघितली. फॅट कमी लागली होती. छावणीत उसावर राहिलेल्या म्हशी, दूध पातळच होतं.

"कमी हाय, अण्णा."

"मंग कमी लिही. बापाची म्हणून जास्ती लिहू नको."

साहेब तिकडून आले. अण्णांची ओळख पटल्यावर त्यांनी कौतुकानं सांगितलं, "खोली घेतल्यापासून पोरगी एक दिवस उशीर करत नाही बघा."

अण्णांचं हसू गेलं. त्यांनी किटली उचलली आणि बाजूला जाऊन लिंबाखाली बसले. माझं काम संपेपर्यंत तिथंच बसून होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "कुठशी हाय खोली?"

खोलीत आल्यावर त्यांनी आधी दार बघितलं. कडी लावली, काढली, हलवून बघितली. "कोयंडा ढिला हाय," म्हणाले. मग खाली बसले.

"आईनं घेऊन दिली?"

"हो."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी नको म्हणला असता."

अण्णांनी जरा विचार केला. "म्हणलो असतो," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. मलाही आलं. हसता हसता मला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते नवा कडी-कोयंडा आणि सुतार घेऊन आले. सुताराचं काम होईपर्यंत मी स्टोव्हवर खिचडी टाकली. अण्णा बारकाईनं बघत होते. तांदूळ किती, पाणी किती, मीठ कधी. छावणीत ते काय खातात हे मी तोवर विचारलंच नव्हतं. आई गावच्या जीपवाल्याकडं डबा पाठवायची, तो दुपारी पोचायचा. संध्याकाळी ते चहात पाव बुडवून खायचे.

"भूक लागत न्हाई तिथं," ते म्हणाले. "घरी तुझी आई हाक मारायची, मग लागायची. तिथं कुणी हाकच मारीत न्हाई."

मी त्यांना खिचडी शिकवली, मग पिठलं. भाकरी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. पण छावणीत तीन दगड मांडून त्यांनी आपली चूल केली आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही ते पिठलं वाढू लागले. दर दोन-तीन दिवसांनी दूध घालून झालं की माझ्याकडं यायचे. बापलेकींनी कधी केल्या नव्हत्या एवढ्या गप्पा आम्ही त्या पत्र्याच्या खोलीत केल्या. त्यांना लहानपणी शिंपीकाम शिकायचं होतं, हे मला तिथं कळलं.

आता आम्हा दोघांना काळजी लागली आईची. ती घरात एकटी. टँकरचं पाणी भरायला ती, शेतावर नजर टाकायला ती. एका रविवारी आम्ही दोघं ठरवून गावी गेलो, तिला माझ्याकडं घेऊन यायला.

घर बदललेलं होतं. आतल्या खोलीतली बाज तिनं पुढच्या दारात, वाऱ्याच्या तोंडाला आणून टाकली होती. भिंती शेणामातीनं नव्या सारवलेल्या होत्या. ती घरात नव्हती. बचत गटाच्या बायकांत बसली होती, कुणीतरी हाक मारल्यावर आली.

अण्णा म्हणाले, "कुलूप लाव अन् चल पोरीकडं. एकटी कशाला राहतीस?"

"टँकरला कोण उभं राहील?"

"शेजारी भरतील."

आईनं आमच्याकडं बघितलं. आधी जरा लाजली, मग बोलली. "मी येत न्हाई. बापाच्या घरून निघाले ती सासूच्या घरात आले. सासूबाई गेल्या तवा दोन पोरी होत्या. भूक लागंल तवा खायचं, झोप यील तवा झोपायचं, हे मी कधी केलतं का? तुमच्या दोघांची लई सय येती. रोज येती. पण मला जरा राहू द्या."

अण्णा काय म्हणतील याची मला भीती वाटली. ते बाजेवर बसले आणि हात टेकून म्हणाले, "वारं मस्त लागतंय हितं." आईनं चहा ठेवला.

अशी त्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या तीन जागी तीन चुली पेटत होत्या. गावात लोक बोलले असतील. आमच्या कानावर फारसं आलं नाही, कारण प्रत्येकाला आपल्या जनावराची आणि पाण्याची पडली होती.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. अण्णा जनावरं घेऊन घरी गेले. दिवाळीच्या सुमारास गावात पुन्हा दूध जमू लागलं आणि संघाची गाडीही सुरू झाली. तेव्हा एका सकाळी अण्णा शेजाऱ्याची रिकामी जीप घेऊन माझ्या खोलीवर आले. सामान न्यायला.

"गाडी चालू झाली, बाई. आता कशाला भाडं भरायचं?"

त्यांचं चुकत नव्हतं. दुष्काळ होता तोवर मला कारण होतं, आता कुठलंच नव्हतं. मी स्टोव्ह पेटवला, चहा टाकला आणि त्यांच्याकडं पाठ करूनच बोलले.

"अण्णा, मला हितंच राहायचंय."

"काय तरास हाय का घरी?"

"काहीच न्हाई. तरी."

चहा झाला, त्यांनी बशीत ओतून घेतला, प्याले. मग उठून बाहेर गेले आणि जीपवाल्याला म्हणाले, "चल रे, रिकामंच जायचंय." जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "रविवारी येत जा. आईला बरं वाटतं." स्वतःचं नाव त्यांनी घेतलं नाही.

लग्न होईपर्यंत मी त्या खोलीत राहिले, तीन वर्षं. रविवार सहसा चुकवला नाही. पण पहिला रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. मी घरी पोचले, तर आईनं पायावर पाणी दिलं, सतरंजी टाकली, आणि मी चुलीकडं वळले तशी म्हणाली, "बस गं, दमून आलीस. मी देते चहा."

बहीण माहेरी यायची तेव्हा आई असंच म्हणायची. मी सतरंजीवर बसले. अण्णा समोर बसून मला विचारत होते, केंद्रावर किती दूध येतं, सिस्टरबाई कशा आहेत. मी उत्तरं देत होते, पाहुणीसारखी. मग मी उठले, परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. आईनं एकदा नको म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. जरा सरकून तिनं मला चुलीजवळ जागा करून दिली.