बाटलीतलं पाणी

अंबूबाई म्हणजे दुधानं तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकून पिणारी बाई. देवळातला अंगारासुद्धा ती आधी हुंगून बघायची. गिऱ्हाइकांना मात्र म्हैस दारात उभी करून डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. जगाचा आपल्यावर संशय असणारच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात पेठेबाहेरच्या तळ्यावर एक चष्मेवाला सायकलवरून उतरला. लाकडी पेटीतून काचेची बाटली काढली, पाण्यात बुडवून भरली, बूच लावून वर कागद बांधला. अंबूबाईच्या म्हशी तिथंच डुंबत होत्या. तिचं पित्त खवळलं.

"काय पावणं, तळं इकायला काढलंय व्हय?"

"तपासायला नेतोय, मावशी. पाण्यात रोगाचे जंतू आहेत का बघायचंय." हा नृसिंह, पाणी तपासणीच्या खात्यातला.

"आनि घावलं तर?"

"तर म्हशी आत सोडता येणार नाहीत."

उन्हाळ्यात म्हैस डुंबली नाही तर दूध आटतं, आणि दुधावरच तर तिचं घर चाललेलं. पलीकडच्या बंगलेवाल्यांना शेणाचा वास सोसत नव्हता. त्यांनीच हा माणूस पाठवला असणार, अशी तिची खात्री पटली.

मग तिनं बोलणं एकदम मऊ केलं. पावणा उन्हातनं आलाय, दूध घेतल्याशिवाय कसा जाईल? घरी नेल्यावर तिचा लेक कृष्णात गोठ्यात धार काढायला बसला, नृसिंह पेला धरून शेजारी उभा राहिला. सायकल परसात आडाजवळ होती. अंबूबाईनं बाटलीतलं तळं ओतून दिलं, आडाचं पाणी भरलं आणि कागद होता तसा बांधला. नळ रुसला की सगळी गल्ली याच आडावर यायची. असं गोड, नितळ पाणी उभ्या पेठेत नाही, असं ती छातीठोक सांगायची.

आठवड्यानं नृसिंह परत आला आणि त्यानं गल्लीतल्या बायकांना गोळा केलं.

"तळ्यात संडासाची घाण मिसळतेय. परत तपासेपर्यंत म्हशी बंद, आणि ते पाणी कुणी तोंडात घालू नका."

लबाड बोलतोय, हेच अंबूबाईला आधी वाटलं. बाटलीत तळं नव्हतंच, मग घाण सापडली कुठून? पण तिची नजर परसाकडं गेली. कृष्णातनं हल्लीच आडाला लागून खड्ड्याचा संडास बांधला होता. तेव्हापासून गल्लीतल्या पोरांची हगवण काही केल्या थांबत नव्हती. ती बायकांच्या पुढं आली.

"त्यात तळ्याचं पानी न्हवतंच," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझ्या आडाचं हुतं. मीच बदललं. आडाचं पानी पिऊ नगासा."

नृसिंह हसला. "मावशी, म्हशींसाठी आता काहीही सांगाल."

शेजारच्या बाळाबाईनं कमरेवरची घागर खाली ठेवली. "म्हशी सोडायला मिळाव्यात म्हनून रचतीया. लगीन होऊन आल्यापास्नं ह्योच आड पितोय. काय झालं आमाला?" आणि तिनं परसात जाऊन पोहरा आडात सोडला.

अंबूबाईला रागही आला आणि रडूही. ती गोठ्यात गेली, विळा घेऊन आली आणि भरून वर येणाऱ्या पोहऱ्याचा दोर तिनं कापून टाकला. बाळाबाईच्या हातात नुसता तुकडा राहिला.